शहरात थंड, समृद्धीवर गरम: हायवेला गाडी तापत असेल तर कुठून बघायचं

मागच्या एप्रिलमधली दुपार. नागपुरात वाडीला अमरावती रोडच्या कडेला माझं गॅरेज आहे, पुढे एक जुना कडुलिंब. त्याच्या सावलीत सहा वर्षं वापरलेली एक पेट्रोल गाडी येऊन थांबली. मालक मनीषनगरचे, बँकेत नोकरीला. मुलगी छत्रपती संभाजीनगरला शिकते, म्हणून महिन्यातून एकदा समृद्धी महामार्गावरून फेरी असते. खाली उतरले आणि पहिलंच वाक्य बोलले ते असं: "उस्ताद, शहरात काहीच नाही होत जी. सीताबर्डी, इतवारीच्या गर्दीत घंटाभर अडकलो तरी टेम्परेचरचा काटा जागचा हलत नाही. समृद्धीवर चढलो, अर्धा-पाऊण तास झाला का काटा चढते. स्पीड कमी केला का उतरते."

मी त्यांना म्हटलं, साहेब, तुम्ही अर्धं काम करून आणलंत.

पण त्याआधी दोन ठिकाणी त्यांचं हे वाक्य कुणी नीट ऐकलं नव्हतं. एका ठिकाणी रेडिएटर फॅनची मोटर बदलली, दुसऱ्या ठिकाणी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला आत फिरणारं मिश्रण (आम्ही त्याला पाणीच म्हणतो), दोनदा बदललं. साडेअकरा हजार गेले आणि काटा चढायचा तो चढतच होता. मला याचा फार त्रास होतो. गाडी गरम होते एवढं ऐकून पार्ट बदलायला सुरुवात करायची नसते. कधी गरम होते, किती वेळाने, एसी चालू असताना की बंद असताना, चढावर की सपाटीला, स्पीड कमी केल्यावर उतरते की नाही, हे आधी विचारायचं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. मेकॅनिककडे जाण्याआधी तुम्हाला स्वतःला बरंच काही बघता येतं.

गर्दीत तापणारी गाडी आणि हायवेला तापणारी गाडी, हे दोन वेगळे आजार आहेत. गर्दीत गाडी उभी असते, रेडिएटरमधून हवा ओढायचं काम फक्त फॅनचं. तिथे काटा चढला तर फॅन, त्याचा रिले, फ्यूज, सेन्सर बघायचा. ताशी ६०-७० च्या वर गेलं की समोरून येणारा वाराच एवढा असतो की फॅनची गरज उरत नाही. त्यामुळे गाडी शहरात थंड राहते आणि हायवेला तापते, याचा अर्थ फॅन बहुतेक ठीक आहे. दोष कुठे तरी वाहण्यात आहे. एक तर पाणी पुरेसं फिरत नाही, नाही तर हवा पुरेशी आरपार जात नाही.

नागपुरात हे समजावायला मला कूलर पुरतो. मार्चमध्ये कूलर काढला, गवत जुनंच ठेवलं. त्यावर पांढरा क्षार चढलेला, धूळ बसलेली. पंखा जोरात फिरतोय, पंपही चालू आहे, तरी खोली गार होत नाही. पंख्याची मोटर बदलून काय होणार? गवत बदलावं लागतं, पंपाची जाळी साफ करावी लागते. रेडिएटर म्हणजे गाडीचा कूलरच समजा. आत पाणी फिरायला हवं, बाहेरून हवा खेळायला हवी, आणि यातलं एक जरी अडलं तरी भार वाढताच गाडी ते दाखवते.

आता हा भार हायवेला किती वाढतो ते बघा, कारण लोकांचा यावर विश्वास बसत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने. म्हणजे ताशी ८० वरून १२० वर गेलात तर वेग झाला दीडपट, पण नुसती हवा कापायला इंजिनाला लागणारी ताकद झाली जवळजवळ ३.४ पट. जाळलेल्या पेट्रोलमधल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा कूलंटमध्ये उतरतो. म्हणून जो रेडिएटर निम्मा जाम झालेला असतो तो वर्धा रोडवर ५० ने चालताना कधीच कळत नाही. समृद्धीला कारसाठी वेगमर्यादा १२० ची आहे, रस्ता सरळ, सिग्नल नाही, गाव नाही. माणूस शिवमडक्याहून चढतो आणि तास-दीड तास पाय एकाच जागी. त्यात बाहेर ४५ अंश आणि एसी पूर्ण. गाडीची खरी परीक्षा तिथे होते.

रस्त्यातच काटा चढला तर

आधी हे सांगतो, कारण इथे चुकलं तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही.

काटा नेहमीच्या जागेच्या वर सरकायला लागला, पण लाल पट्ट्यात गेलेला नाही आणि वाफही नाही: एसी बंद करा, वेग हळूहळू ६०-७० वर आणा, काचा उघडा आणि हीटर पूर्ण गरम करून त्याचा पंखा जोरात लावा. मे महिन्यात हीटर म्हटल्यावर घरची मंडळी ओरडतात, पण डॅशबोर्डच्या आत हीटरचा जो लहान रेडिएटर असतो त्यातून इंजिनाचंच गरम पाणी फिरतं, म्हणजे तुम्हाला काही काळ दुसरा रेडिएटर मिळतो. मुलांच्या डोक्यावर ओला दुपट्टा टाका. दोन-तीन मिनिटांत काटा उतरला तर त्याच वेगाने पुढच्या इंटरचेंजपर्यंत जा. नाही उतरला तर थांबा.

लाल दिवा लागला, वाफ दिसली किंवा गोडसर वास आला तर वाट बघायची नाही. डावीकडे अगदी कडेला घ्या, इंजिन बंद, पार्किंग लाइट म्हणजे चारही इंडिकेटर चालू. सगळ्यांनी डाव्या दाराने उतरून रेलिंगच्या पलीकडे उभं राहायचं; समृद्धीवर मागून येणारी गाडी काही सेकंदांत तुमच्यापर्यंत पोचते. त्रिकोण मागे निदान ५० मीटरवर ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, कुठेही असाल तर ११२.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. काटा वर होता आणि अचानक खाली पडला, हीटरमधून गार हवा यायला लागली, तर खूश होऊ नका. पाणी संपलं असण्याची शक्यता जास्त. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो, कोरड्या जागेत तो थंडच दाखवतो. असे पाच-सात किलोमीटर रेटून आलेली गाडी माझ्याकडे येते तेव्हा हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकलेलं असतं, त्याच्या जोडातलं गॅसकेट गेलेलं असतं, आणि हेड घासून सपाट करून सगळं परत बसवेपर्यंत खर्च बहुतेक वेळा पंचवीस-तीस हजारांच्या पुढे जातो.

आता रेडिएटरचं झाकण. १९९८ साली मी हेल्पर होतो. कोंढाळीच्या अलीकडे एक जीप उभी होती, बोनेटमधून वाफ निघत होती, आणि मला वाटलं लवकर पाणी घातलं की लवकर निघता येईल. माझे उस्ताद मागून ओरडत होते. मी फडकं घेऊन झाकण फिरवलं. उजव्या हाताची मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी गेली, डाग अजून आहे. घडतं असं: झाकणामुळे आत साधारण १ बारच्या आसपास जास्तीचा दाब धरलेला असतो, त्यामुळे पाणी १०० ला न उकळता १२० च्या जवळपास उकळतं. आतलं पाणी ११० अंशांवर शांत बसलेलं असतं. तुम्ही झाकण उघडलं, दाब गेला, त्याच क्षणी त्यातल्या काही पाण्याची वाफ होते आणि ती उरलेलं उकळतं पाणी घेऊन वर उसळते. म्हणून वरचा जाड पाइप नुसत्या हाताने आरामात दाबून धरता येईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. उन्हाळ्यात याला पाऊण तास, कधी तासही लागतो. तेवढा वेळ थांबाच. ज्या गाड्यांत झाकण रेडिएटरवर नसून प्लास्टिकच्या टाकीवर असतं, त्यांनाही हाच नियम.

तापलेल्या इंजिनावर बाहेरून पाणी ओतू नका, अ‍ॅल्युमिनियमचं हेड आहे, वाकतं किंवा तडकतं. थंड झाल्यावर आत घालायला कूलंट नसेल तर पिण्याच्या बाटलीतलं पाणी चालतं, घरी पोचेपर्यंत. नंतर ते काढून टाकायचं, त्याचं कारण पुढे येतं.

सकाळी, थंड इंजिनावर

तपासणी नेहमी सकाळी करा, गाडी रात्रभर उभी असताना. टॉर्च घ्या, जुना टॉवेल घ्या. लेव्हल बघा. टाकीवर मिन आणि मॅक्सच्या खुणा असतात. पाणी कमी असेल तर ते गेलं कुठे हा पहिला प्रश्न. पाइपांच्या क्लॅम्पपाशी, रेडिएटरच्या प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमच्या जोडावर, वॉटर पंपाखाली वाळलेल्या कूलंटचा हिरवा किंवा गुलाबी थर दिसतो का बघा. शेजारच्या सीटखालची मॅट ओलसर, चिकट लागली तर हीटरचा रेडिएटर गळतोय.

झाकणाचं रबर बोटाने चाचपा. कडक, चिरलेलं असेल किंवा स्प्रिंग ढिली वाटली तर सरळ नवीन घ्या, सगळ्यात स्वस्त पार्ट आहे. फक्त त्यावर छापलेला आकडा, ०.९, १.१ जे काही असेल ते, तोच घ्या. झाकण दाब धरत नसेल तर शहरात काही कळत नाही आणि हायवेला पाणी उकळून बाहेर पडतं.

मग हवेची बाजू. समोरच्या जाळीतून बघितलं तर तुम्हाला जे दिसतं ते एसीचं कंडेन्सर असतं, रेडिएटर त्याच्या मागे. दोघांत बोटभर फट असते. कचरा त्या फटीत बसतो आणि समोरून काहीच दिसत नाही.

हिंगणघाटचे एक कापूस व्यापारी आहेत, माझे जुने ग्राहक. त्यांची मोठी गाडी जानेवारीत आली, तक्रार हीच: जाम गावाच्या पुढे ९० च्या वर गेलं की गरम. समोरून कंडेन्सर स्वच्छ, नुकताच धुतलेला. मी रेडिएटरचे वरचे दोन बोल्ट काढले, रेडिएटर चार बोटं मागे कलता केला आणि फटीत टॉर्च मारला. आत राखाडी रंगाची गोधडी अंथरल्यासारखी दिसत होती. दोन बोटांनी टोक धरून ओढलं तर तळहाताएवढा तुकडा सलग सुटून आला. कापसाची रुई, तिच्यावर धूळ, धुळीत अडकलेले पाखरांचे पंख, सगळं दाबून नमद्यासारखं घट्ट झालेलं. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी कापसाच्या उघड्या गाड्या रस्त्याने धावतात, जिनिंगच्या आसपास तर रुई हवेतच तरंगत असते. त्याआधी सोयाबीनचा भुसा, पावसाळ्यात रात्रीची पाखरं. विदर्भात गाडी चालवणाऱ्याने वर्षातून एकदा, होळीच्या सुमारास, ही फट उघडून बघायलाच हवी.

धुताना प्रेशर वॉशरची नळी जवळून मारू नका. पत्र्याच्या पात्या कागदासारख्या पातळ असतात, आडव्या झोपल्या की हवा कायमची बंद. बागेच्या नळीचं साधं पाणी, इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने, म्हणजे कचरा जिकडून आला तिकडेच परत जातो. आधी साबणाचं पाणी दहा मिनिटं मुरू द्या. ब्रश लागलाच तर मऊ, आणि पात्यांच्या दिशेने वर-खाली.

गाडीचा पुढचा बंपर अलीकडे कधी निघाला होता का, हेही आठवा. रेडिएटरच्या दोन्ही कडांना रबराच्या किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, खाली एक पत्रा असतो. वारा रेडिएटरच्या बाजूने पळून जाऊ नये, आतूनच जावा, यासाठी त्या असतात. बंपरचं डेंटिंग-पेंटिंग झालं की त्यातल्या एक-दोन परत बसत नाहीत आणि मालकाला कुणी सांगत नाही. हळू चालवताना फॅन ओढून घेतो, त्यामुळे निभतं. १०० ला वारा मोकळी वाट धरतो. बंपर बदलल्यानंतर गाडी हायवेला तापायला लागली असेल तर मी आधी तिथेच वाकून बघतो. जाळीसमोर लावलेले जादा दिवे, कीटकांची जाळी, मोठी नंबर प्लेट, हे सगळंही वारा अडवतं.

पाण्याची बाजू

हवेची बाजू साफ निघाली की पाणी. इथे एक साधी कसोटी आहे. गाडी हायवेला तापवून आणा, थांबवा, इंजिन चालू ठेवा आणि टेम्परेचर गनने रेडिएटरच्या वरच्या व खालच्या पाइपाचं तापमान घ्या. गन बाजारात हजार-दीड हजाराला मिळते. हाताने चाचपू नका, फॅन कधीही सुरू होतो. दोन्ही पाइप सारखेच कढत असतील तर पाणी फिरतंय पण हवा उष्णता नेत नाही, म्हणजे परत बाहेरची बाजू बघा. वरचा कढत आणि खालचा फारच गार असेल तर पाणीच पुढे सरकत नाही: थर्मोस्टॅट नीट उघडत नाही, रेडिएटर आतून जाम आहे किंवा पंप ढकलत नाही. तीच गन रेडिएटरच्या अंगावर ओळीने फिरवा. मध्येच एखादा पट्टा बाजूच्यापेक्षा वीस-पंचवीस अंशांनी गार लागला तर त्या नळ्या बंद आहेत.

नळ्या बंद कशाने होतात? बोअरच्या पाण्याने. ज्या पाण्याने तुमच्या कूलरच्या गवतावर पांढरा थर येतो, बाथरूमच्या नळावर डाग पडतात, तेच पाणी तुम्ही गाडीत घालता आणि ते ९० अंशांवर तापवता. क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. पूर्वी पितळेचे रेडिएटर होते, वरची टाकी काढून, सळई घालून रॉडिंग करता यायचं. आताच्या अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरला प्लास्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या असतात. थोडा जाम असेल तर फ्लश करून बघतो, जास्त असेल तर नवीनच घ्यावा लागतो. त्यात पैसे वाचवायला जाऊ नका.

"नागपुरात बर्फ पडते का, कूलंट कशाला?" असं मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. पाणी गोठू नये म्हणून कूलंट आपल्याकडे लागतच नाही. त्याने उकळण्याचा बिंदू वर जातो, गंज धरत नाही आणि पंपाचं सील टिकतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, किंवा तयार मिश्रण घ्या. जास्त घट्ट केलं तर जास्त थंड राहील असं वाटतं, पण तसं होत नाही. कूलंटमधला मुख्य घटक, ग्लायकॉल, शुद्ध असेल तर पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतो. रंगावर जाऊन दोन प्रकार मिसळू नका, मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तोच घाला.

आता मनीषनगरच्या साहेबांच्या गाडीकडे येतो. तिची हवेची बाजू स्वच्छ होती, झाकण चांगलं, थर्मोस्टॅट तर नवाच. मी गाडी गरम होऊ दिली, पोऱ्याला ड्रायव्हर सीटवर बसवलं आणि रेडिएटरच्या खालच्या पाइपावर टॉर्च धरून बसलो. साहेबांना शेजारी बोलावलं. पोऱ्याला म्हटलं, हळूहळू रेस कर. हजार, पाइप गोल. दोन हजार, गोल. अडीचच्या पुढे पाइपाच्या मधल्या वळणावर एक खळगा पडला, आणि तीन हजारांच्या जवळ तो पाइप रिकाम्या दुधाच्या पिशवीसारखा आत चिकटला. पोऱ्याने पाय काढला, पाइप परत फुगून गोल. पुन्हा रेस, पुन्हा चपटा.

साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे पाण्याची वाटच बंद होऊन राह्यली होती."

तेच होत होतं. खालचा पाइप पंपाच्या ओढीकडचा असतो. इंजिन जितकं जोरात फिरतं तितका पंप जोरात ओढतो. पाइप चपटा होऊ नये म्हणून काही गाड्यांत आत तारेची स्प्रिंग असते. मी पाइप काढून ब्लेडने उभा चिरला, तर स्प्रिंग गंजून तिचे तीन तुकडे झालेले आणि रबर आतून चिकट, मऊ पडलेलं. सोसायटीच्या बोअरचं पाणी ते चार वर्षं टॉप-अपला घालत होते. पाइप काही शे रुपयांचा होता. असा दोष उभ्या गाडीला, स्लो रेसवर कधीच सापडत नाही, म्हणून आधीच्या दोन्ही ठिकाणी तो सुटला. तुम्हीही हे घरी बघू शकता, फक्त ओढणी, टाय, सैल बाही बेल्टपासून दूर ठेवा.

पाइप शाबूत निघाला तर पंप. आमच्या भाषेत वॉटर बॉडी. नुसत्या पाण्यावर चाललेल्या गाडीत पंपातल्या पंख्याच्या पात्या गंजून अर्ध्या झालेल्या मी पाहिल्यात, आणि प्लास्टिकचा पंखा असेल तर तो दांडीवर सैल होऊन घसरतो. हळू फिरताना पाणी ढकलतो, जोरात फिरताना नाही. पंपाखालच्या लहान भोकातून ठिबक असेल तर सील गेलं. पंप बाहेरच्या बेल्टवर असेल तर बेल्टची आतली बाजू बघा, चकाकत असेल तर तो घसरतोय. टायमिंग बेल्टवरचा पंप असेल तर बेल्ट बदलतानाच पंपही बदला, तीच मजुरी दोनदा कशाला द्यायची.

थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो, नेमका आकडा त्याच्यावर कोरलेला असतो. काढून पातेल्यात पाणी तापवत, थर्मामीटर घालून बघा. पूर्ण उघडतो की अर्ध्यावर अडतो ते डोळ्यांना दिसतं. "काढूनच टाका, उन्हाळा आहे" हा सल्ला नागपुरात सर्रास मिळतो. कृपा करून ऐकू नका. इंजिन गार चालतं, पेट्रोल जास्त पितं, झीज वाढते, आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच गोल फिरतं, गाडी उलट जास्त तापते.

यानंतरही तापत असेल तर हेड गॅसकेट. थोडंसं उडालेलं गॅसकेट शहरात गप्प असतं. भार पडला की सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो, टाकीत बुडबुडे येतात, पाणी बाहेर ढकललं जातं. थंड इंजिन चालू करून मिनिटभरातच वरचा पाइप दगडासारखा कडक झाला तर शंका घ्या. गॅरेजमध्ये एक निळं रसायन टाकीच्या तोंडावर धरून तपासतात, गॅस असेल तर ते पिवळं होतं. हेड उघडायला परवानगी देण्याआधी ही टेस्ट करायला सांगा.

आणि एखाद्या वेळी थंड करण्याच्या यंत्रणेत काहीच नसतं, इंजिनावरचा भारच जास्त असतो. अडकलेला ब्रेक हे त्यातलं नेहमीचं. हायवेवरून उतरल्यावर चारही रिम्सवर गन मारा, एक चाक बाकीच्यांपेक्षा बरंच गरम असेल तर त्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे ब्रेक दाबणारा भाग, सोडवा. कमी हवेचे टायर, टपावरचा लगेज कॅरिअर, सायलेन्सरच्या वाटेवरचा जाम झालेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बाहेरून बसवलेल्या गॅस किटची बिघडलेली सेटिंग, यांनीही तेच होतं.

दुरुस्ती झाली हे मी गॅरेजच्या दारात कधीच मान्य करत नाही. आजकालच्या कित्येक गाड्यांना काटा नसतोच, निळा आणि लाल दिवा असतो, आणि लाल लागेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यामुळे स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लहान ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र, लावतो, मोबाइलवर कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं. बहुतेक गाड्या ८८ ते ९८ मध्ये चालतात, १०५ च्या वर गेलं की मी पाय काढतो.

साहेबांच्या गाडीला नवा पाइप घातला, पाणी दोनदा फ्लश केलं, कूलंट भरलं. हीटर उघडा ठेवून इंजिन चालवलं, म्हणजे आतली हवा निघून जाते. ही हवा राहिली तर सगळी मेहनत वाया. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला, बाहेर ४३ अंश असताना, आम्ही दोघं शिवमडक्याहून समृद्धीवर चढलो. एसी पूर्ण, ताशी ११५. ते चालवत होते, मोबाइल माझ्या हातात. ९१, ९२, ९३. वर्धा मागे गेलं तरी ९४ च्या वर आकडा गेला नाही. परत आल्यावर मी टाकीवर पाण्याच्या लेव्हलला काळ्या मार्करने रेघ मारली आणि सांगितलं, उद्या सकाळी थंड गाडीला बघा आणि मला फोन करा. सकाळी सातला फोन आला, पाणी रेघेवर होतं.